भारीतली एक नको, साध्या दोन घे

सांगली

चि. अनघा हिस,


परवा फोनवर तू विचारलंस, "मामा, बॅकअपसाठी सगळ्यात चांगली हार्ड डिस्क कुठली? एकदाच काय ती भारी घेऊन टाकते." एखाद्या कंपनीचं नाव सांगून मी मोकळा झालो असतो, पण त्यानं तुझं काम झालं नसतं. माझं उत्तर असं आहे: भारीतली एक घेऊ नकोस, साध्यातल्या दोन घे, आणि त्यातली एक स्वतःच्या घरात ठेवू नकोस. असं का आणि ते कसं जमवायचं, हे सांगायला फोन पुरला नसता, म्हणून लिहायला बसलो.

आधी हिशेब. बॅकब्लेझ नावाची एक अमेरिकी कंपनी लोकांचा डेटा सांभाळायचा धंदा करते. तिच्याकडे लाखो हार्ड डिस्क चालू असतात आणि त्यातल्या किती बिघडल्या याचे आकडे ती २०१३ पासून जाहीर करत आली आहे. अलीकडच्या वर्षांतले आकडे पाहिले तर वर्षाला शंभरातल्या एक-दीड डिस्क जातात. या डिस्क थंड खोलीत, एका जागी, कुणाचा धक्का न लागता चालतात. आपल्या घरातली डिस्क पिशवीतून फिरते, टेबलावरून पडते, तिच्यावर चहा सांडतो. तरी तोच दीड टक्का धरून चाल. एकच डिस्क असेल तर वर्षाला शंभरात दीड धोका. दोन असतील आणि दोघींचा एकमेकींशी काही संबंध नसेल, तर एकाच वर्षात दोन्ही जाण्याची शक्यता दीड टक्क्याचा दीड टक्का, म्हणजे दहा हजारांत सव्वादोन. दुप्पट-तिप्पट पैसे मोजून घेतलेली कुठलीही एक डिस्क तुझा धोका इतका खाली आणू शकत नाही. त्यात पुन्हा पहिली गेली की लगेच बदलायची, म्हणजे धोका आणखी कमी.

या हिशेबात एक अट मात्र आहे, 'एकमेकींशी संबंध नसेल' ही. दोन्ही एकाच ड्रॉवरमध्ये, एकाच खोक्यातून आलेल्या, एकाच वेळी लॅपटॉपला लावलेल्या असतील, तर त्या दोन नाहीत, एकच आहे असं समज.

आता किती मोठी घ्यायची? दुकानदार पाच टीबीची दाखवेल. त्याआधी घरी बसून तुझ्याकडे काय काय आहे ते बघ आणि त्याचे दोन भाग कर: पुन्हा मिळेल ते आणि पुन्हा मिळणार नाही ते. डाउनलोड केलेले सिनेमे, सॉफ्टवेअर, पुस्तकांच्या पीडीएफ हे सगळं पुन्हा मिळतं. तुझा प्रबंध, घरचे फोटो आणि आजीच्या तोंडून रेकॉर्ड केलेल्या जात्यावरच्या ओव्या पुन्हा मिळणार नाहीत. मोबाइलचा एक फोटो चार एमबीचा धरला तर वीस हजार फोटोंना ८० जीबी लागतात. तुझं रेकॉर्डिंग सीडीच्या दर्जाचं, म्हणजे मिनिटाला दहा एमबीचं आहे. चाळीस तासांना साधारण २४ जीबी होतात. प्रबंध, टिपणं आणि स्कॅन केलेले कागद मिळून दहा जीबी होणार नाहीत. जागा खातात ते व्हिडिओ. तेही धरून तुझा ऐवज आज ४०० जीबीच्या आसपास जाईल. आजच्या गरजेच्या तिप्पट-चौपट जागा घ्यावी, म्हणजे चार-पाच वर्षं निभतात. तुला दोन टीबी पुष्कळ झाले. आणि एक टीबीची डिस्क लावल्यावर विंडोजनं ९३१ जीबी दाखवलं तर दुकानदाराशी भांडू नकोस. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत, एवढाच तो फरक.

हार्ड डिस्क की एसएसडी, हा तुझा दुसरा प्रश्न. हार्ड डिस्कच्या आत गुळगुळीत तबकड्या मिनिटाला ५४०० वगैरे फेऱ्यांनी फिरतात आणि वाचणारं हेड त्यांच्यापासून जेमतेम काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. चालू असताना डिस्क पडली की हेड तबकडीला घासतं आणि खेळ संपतो. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, म्हणून ती धक्का सोसते आणि वेगही कितीतरी जास्त देते. पण तिच्यात माहिती सूक्ष्म पेशींमधल्या विद्युतभाराच्या रूपात असते. वीज न देता वर्षानुवर्षं कपाटात ठेवली तर तो भार हळूहळू गळतो, आणि उकाड्यात किंवा फार वापरून झिजलेल्या एसएसडीत जास्त लवकर. शिवाय हार्ड डिस्क जाण्याआधी पुष्कळदा कुरकुरते, मंदावते, आवाज करते. एसएसडी अनेकदा काल चालू आणि आज बंद. म्हणून रोज पिशवीतून न्यायची आणि तिच्यावरच काम करायचं असेल तर एसएसडी घ्यावी. घरी ठेवून महिन्यातून दोनदा बॅकअप घ्यायचा असेल तर साधी हार्ड डिस्क पुरते, त्याच पैशात जागाही जास्त मिळते. पेनड्राइव्ह फक्त झेरॉक्सवाल्याकडे फाइल न्यायला. त्यावर काही जपून ठेवायचं नाही.

हार्ड डिस्कमध्येही दोन आकार येतात. तळहातावर मावणारी अडीच इंची यूएसबी केबलवरच चालते. साडेतीन इंची मोठी असते आणि तिला वेगळा अडॅप्टर लागतो. तुला छोटी घे. या छोट्या डिस्कपैकी बऱ्याचशांत जागा वाचवायला माहितीचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. त्यामुळे जुन्या फाइल पुसून एकदम ढीगभर नव्या भरायला गेलं की त्या रेंगाळतात. बॅकअपच्या कामाला ते चालतं, पण थेट त्यांच्यावर व्हिडिओ एडिटिंग करायला जाऊ नकोस.

कंपनीचं म्हणशील तर हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या आता जगात तीनच उरल्या आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. खोक्यावर नाव कुणाचंही असो, आतली डिस्क यांच्यापैकीच एकीची असते. दोन डिस्क दोन वेगळ्या कंपन्यांच्या घे, म्हणजे एखाद्या लॉटमध्ये खोट असली तर दोन्ही तिच्यात सापडणार नाहीत. जीएसटीचं बिल जपून ठेव. वॉरंटी डिस्कची असते, डेटाची नसते. बिघडली तर कंपनी बदलून कोरी डिस्क देते, आणि कोऱ्या डिस्कमध्ये आजीचा आवाज नसतो. काही मॉडेलबरोबर रिकव्हरीची सेवा जोडून मिळते, पण फाइल परत येतीलच असा शब्द कुणी देत नाही.

ऑनलाइन दीड-दोन हजारांत १६ टीबीची एसएसडी दिसेल. तिच्याकडे बघूही नकोस. आत छोटंसं मेमरी कार्ड असतं आणि त्याला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. कॉम्प्युटरला ते १६ टीबी सांगतं, तू भरत राहतेस, खरी जागा संपली की नव्या फाइल जुन्यांवर चढतात किंवा हवेत जातात. फाइलची नावं मात्र सगळी दिसत राहतात. शंका आली तर एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते डिस्क काठोकाठ भरून, पुन्हा वाचून खरी जागा सांगतं. खऱ्या नव्या डिस्कवरही ते एकदा चालवावं. जी डिस्क पहिल्या आठवड्यात रडते ती दुकानात परत देता येते.

केबलकडे लोक लक्ष देत नाहीत. टाइप-सी हा फक्त टोकाचा आकार आहे, वेग त्यावरून कळत नाही. मोबाइल चार्जरबरोबर आलेल्या पुष्कळशा टाइप-सी केबल यूएसबी २ च्याच वेगाच्या असतात. डिस्कबरोबर आलेली केबल यूएसबी ३ च्या पोर्टला लावलीस तर तुझे ४०० जीबी सव्वा तासाच्या आसपास उतरतील. यूएसबी २ वर तेच तीन तासांच्या वर जातं, मग कंटाळा येतो आणि पुढच्या महिन्याचा बॅकअप राहतो. केबलवर डिस्कचं नाव लिहून ती तिच्याच पाऊचमध्ये ठेव.

घरात तुझा विंडोजचा लॅपटॉप आणि रोहितचं मॅकबुक, अशी दोन दैवतं आहेत. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीनं फॉरमॅट केलेली डिस्क मॅक वाचतो, पण तिच्यावर काही लिहू देत नाही. दोन्हीकडे चालायची तर एक्सफॅट करावी लागते. पण एक्सफॅट नाजूक असते, लिहिणं चालू असताना केबल निघाली तर करप्ट व्हायची शक्यता एनटीएफएसपेक्षा जास्त. माझं मत विचारशील तर बॅकअपच्या डिस्क तुझ्या तुलाच ठेव आणि एनटीएफएस कर. रोहितला त्याची वेगळी घेऊ दे, मॅकमधली टाइम मशीन लावली की त्याचं काम आपोआप होतं. विंडोजमध्ये फाइल हिस्टरी आहे. ती चालू केलीस तर फाइलच्या जुन्या आवृत्त्याही राहतात. प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणातला परिच्छेद चुकून उडवून वर सेव्ह केलास, तर मागच्या आठवड्यातलं प्रकरण परत मिळतं. नुसती कॉपी-पेस्ट करत राहिलीस तर चुकीची फाइल बरोबरवर चढते.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगतो. गेल्या लग्नसराईत एक निवृत्त सर माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आले. रुमालात गुंडाळलेली डिस्क काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "नातवंडांचे सगळे फोटो यात आहेत, आता डिटेक्ट होत नाही." मी लावून पाहिली. आतून टक, टक, टक असा सारख्या अंतरानं आवाज आला, मग मोटर थांबली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा टक, टक. हेड जागा शोधत होतं आणि त्याला ती सापडत नव्हती. मी लगेच काढून ठेवली.

"लॅपटॉपवर मूळ फोटो असतील ना, सर?"

"ते पुसले की. जागा हवी होती, म्हणूनच तर बॅकअप घेतला."

दहातल्या आठ जणांचं असंच असतं गं. लॅपटॉप भरला की फोटो डिस्कवर हलवायचे, लॅपटॉपवरचे पुसायचे, आणि त्याला बॅकअप म्हणायचं. आधी फोटो एका ठिकाणी होते, आता दुसऱ्या एकाच ठिकाणी आहेत. कॉपी वाढलीच नाही. फोटो चालत्या-बोलत्या लॅपटॉपमधून कपाटातल्या डिस्कमध्ये गेले, जिच्याकडे सहा महिने कुणी ढुंकूनही बघत नाही. तुझ्या लॅपटॉपमध्ये ५१२ जीबी आहेत आणि तोही भरत आला आहे, म्हणजे हा मोह तुला होणारच. तेव्हा नियम पक्का कर: लॅपटॉपवरून काहीही पुसण्याआधी ते दोन्ही डिस्कवर उतरलेलं पाहिजे.

सरांच्या डिस्कचं पुढे काय, हे विचारशीलच. मी ती उघडली नाही. असं काम धूळरहित खोलीतच करतात, तिथे त्याच जातीची दुसरी डिस्क आणून हेड बदलतात. खर्च हजारांत नाही, दहा हजारांत जातो आणि यशाची खात्री नसते. सरांना पत्ता देऊन पाठवलं. तुझ्यावर कधी अशी वेळ आली तर चार गोष्टी करायच्या नाहीत. पुन्हा पुन्हा लावून बघायची नाही, ठोकायची नाही, यूट्यूबवर बघून फ्रीजमध्ये ठेवायची नाही, आणि विंडोजनं 'फॉरमॅट करू का' विचारलं तर हो म्हणायचं नाही.

दुसरी डिस्क घराबाहेर का, ते सांगलीकराला विचारावं लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. पाणी ओसरल्यावर माझ्याकडे जी मशीन आली, त्यातल्या बऱ्याच मालकांनी बॅकअप नियमानं घेतला होता. रोज संध्याकाळी टॅलीतल्या हिशेबांचा बॅकअप घ्यायचा आणि डिस्क त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकायची, अशी शिस्त. टेबल बुडालं तेव्हा मशीन आणि डिस्क दोन्ही बुडाली. काहींनी डिस्क घरी नेली होती, तेही वाचले नाहीत, कारण घर त्याच गल्लीत. पुण्यात तू तिसऱ्या मजल्यावर राहतेस हे मला माहीत आहे. पण चोर लॅपटॉपबरोबर शेजारची डिस्कही उचलतो आणि शॉर्टसर्किट मजला बघून होत नाही. घराची दुसरी किल्ली आपण शेजारच्या काकूंकडे ठेवतो, आपल्याच कपाटात ठेवत नाही. तेवढंच शहाणपण इथे लागतं. तुझी दुसरी डिस्क सांगलीला माझ्याकडे ठेव. आमचं घर विश्रामबागेत वरच्या मजल्यावर आहे. दिवाळीला येशील तेव्हा ताजी डिस्क घेऊन ये आणि इथली घेऊन जा, गुढीपाडव्याला पुन्हा अदलाबदल कर.

घरात राहणारी डिस्कसुद्धा काम झालं की काढून ठेवायची. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या व्हायरसनं जगभरच्या कॉम्प्युटरांतल्या फाइलना कुलूप घालून खंडणी मागितली होती. असले व्हायरस जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाहीत. कपाटातल्या डिस्कपर्यंत त्यांचा हात पोचत नाही. काढताना 'सेफली रिमूव्ह' करून, दिवा थांबला की मगच केबल ओढ.

पीटर क्रोग नावाच्या अमेरिकी छायाचित्रकारानं फोटो कसे सांभाळावेत यावर पुस्तक लिहिलं आणि त्यातून ३-२-१ हा नियम रूढ झाला: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. तुझा लॅपटॉप, घरची डिस्क आणि सांगलीची डिस्क मिळून तीन प्रती झाल्या. लॅपटॉपमध्ये एसएसडी आहे आणि या हार्ड डिस्क, म्हणजे साधनंही दोन प्रकारची झाली.

"पण माझं सगळं गूगलवर आहे," असं तू म्हणशील. असू दे, चांगलंच आहे. फक्त ते काय आहे ते ओळखून असावं. तिथे जे चालतं ते बहुतेक सिंक असतं. मोबाइलवर फोटो पुसलास की तिथलाही जातो. काही दिवस कचऱ्याच्या डब्यात राहतो, मग तिथूनही जातो. शिवाय नियम त्यांचे. गूगल फोटोज वर्षानुवर्षं मोफत, अमर्याद होतं; १ जून २०२१ पासून ते १५ जीबीच्या हिशेबात धरायला लागले. दोन वर्षं न वापरलेलं खातं ते बंदही करू शकतात. तेव्हा प्रबंध आणि ओव्यांचं लिप्यंतर यांसारख्या लहान पण जिवाच्या फाइल क्लाउडवर जरूर ठेव, रोजच्या रोज ठेव. ती चौथी प्रत म्हणून धर, पहिल्या तिघींच्या बदल्यात नको.

घेतलेला बॅकअप उघडून बघत जा. 'टॉय स्टोरी २' हा पिक्सारचा सिनेमा तू पाहिला आहेस. १९९८ मध्ये तो तयार होत असताना कुणाच्या तरी एका कमांडनं सिनेमाच्या बहुतांश फाइल पुसल्या गेल्या. बॅकअप होता, पण तो काही काळ नीट चालतच नव्हता आणि ते कुणाला कळलं नव्हतं. गॅलिन सुसमन ही तांत्रिक दिग्दर्शिका बाळंतपणामुळे घरून काम करत होती. तिच्या घरच्या कॉम्प्युटरवर प्रत होती, तिनं सिनेमा वाचवला. एवढ्या मोठ्या स्टुडिओला जे कळलं नाही ते आपल्यालाही कळणार नाही. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी डिस्क लावायची आणि कुठलाही एक फोटो, एक रेकॉर्डिंग, प्रबंधाचं एक प्रकरण खरोखर उघडायचं. नुसतं फोल्डरचं नाव दिसलं म्हणून समाधान मानायचं नाही. रेकॉर्डिंग मधूनच ऐकून बघ, शेवटपर्यंत वाजतंय का ते बघ.

आधार, पॅन, बँकेची कागदपत्रं डिस्कवर टाकणार असशील तर ती कुलूपबंद कर. तुझं विंडोज प्रो असेल तर बिटलॉकर आहे, होम असेल तर व्हेराक्रिप्ट फुकट मिळतं. पासवर्ड मात्र वहीत लिहून ती वही डिस्कपासून वेगळी ठेव, आणि एक प्रत तुझ्या आईकडे दे. पासवर्ड विसरलेली डिस्क आणि जळलेली डिस्क यात व्यवहारात काही फरक नाही.

आणि आप्पांच्या कथांच्या त्या जुन्या फाइल, ज्या पेजमेकरमध्ये आणि जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केल्या होत्या, त्या नुसत्या कॉपी करून ठेवू नकोस. दहा वर्षांनी डिस्क धडधाकट असेल, पण त्या उघडणारं सॉफ्टवेअर नसेल, आणि फॉन्ट नसला की आप्पांची अक्षरं म्हणजे इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो. आज माझ्याकडे ते जुनं मशीन चालू आहे, तोवर त्यांची पीडीएफ करून घेऊ आणि मजकूर युनिकोडमध्ये आणू.

पाच वर्षं झाली की डिस्क बदल, ती चालू असली तरी. खरेदीची तारीख स्टिकरवर लिहून तिच्या पाठीवर चिकटव, म्हणजे आठवण ठेवायला नको. पावसाळ्यात बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी पाऊचमध्ये टाकून ठेव.

तर या शनिवारी दोन टीबीच्या दोन डिस्क घे, दोन कंपन्यांच्या. रविवारी दोन्ही तपास, दोन्हीवर सगळं उतरव आणि लॅपटॉपवरचं काहीही पुसू नकोस. रोहित पुढच्या आठवड्यात मिरजेला येणार आहे म्हणालीस ना? एक डिस्क त्याच्याबरोबर पाठवून दे. ती माझ्या हातात पडली की तुझा बॅकअप झाला असं मी धरीन, त्याआधी नाही.

तुझा,
मामा